आरोग्याची फाइल कोणाच्या टेबलावर?

सरकारी कामकाजात "आरोग्य" या शब्दाचा अर्थ फार आकसून गेला आहे. आरोग्य म्हणजे इस्पितळ, डॉक्टर, औषधखरेदी आणि अलीकडे विम्याचे कार्ड. अंदाजपत्रकावरच्या भाषणात आरोग्याचा परिच्छेद आला की नवी वैद्यकीय महाविद्यालये आणि वाढलेल्या खाटा मोजल्या जातात. तीस वर्षांच्या केंद्र सरकारच्या नोकरीत मी असे कितीतरी परिच्छेद वाचले, काहींचे मसुदेही केले. माझे म्हणणे असे की शहरात राहणाऱ्या माणसाचे आरोग्य या परिच्छेदात ठरतच नाही. पाण्याची नळवाहिनी कुठून न्यावी हे ठरवणारा कनिष्ठ अभियंता, रस्त्याचा आराखडा काढणारा सल्लागार आणि कारखान्याच्या धुराड्याची तपासणी करणारा निरीक्षक हे तिघे ते ठरवतात. या तिघांपैकी एकाच्याही पदनामात आरोग्य हा शब्द नाही आणि तिघांपैकी एकालाही कोणी विचारत नाही की तुमच्या सहीमुळे यंदा किती माणसे आजारी पडली.

उदाहरण म्हणून रायपूरचा तात्यापारा घेतो. मराठी वाचकांना हा भाग परका नाही. 1741 साली भास्करपंतांची स्वारी झाली, त्यानंतर नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली आणि पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार पाहिला. त्या ओघाने मराठी घराणी इकडे आली ती इथलीच झाली. पारा म्हणजे वस्ती, आळी. याच पाऱ्यात माधवराव सप्रे राहत असत. त्यांनी "दासबोध" आणि लोकमान्यांचे "गीतारहस्य" हिंदीत नेले, हे आपण अभिमानाने सांगतो. नागरी प्रचारिणी सभेच्या शब्दकोशासाठी अर्थशास्त्राच्या हिंदी परिभाषेचे काम त्यांनी केले, हे मात्र सांगायचे राहून जाते. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून मला त्याचे अप्रूप अधिक. अर्थशास्त्रात एक संकल्पना आहे, बाह्य परिणाम. एकाने काम करावे, फायदा त्याने घ्यावा आणि नुकसान तिसऱ्याच्या खात्यावर पडावे, असा तिचा सरळ अर्थ. जुन्या रायपुरात चार पावले चालले तरी ही संकल्पना पुस्तक न उघडता समजते.

आधी पाणी घेऊ. रायपूरचे पाणी खारून नदीतून, भाठागावच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते आणि शुद्ध करून शहरात सोडले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघते तेव्हा ते बहुधा चांगलेच असते. बिघडते ते वाटेत. जुन्या वस्त्यांत घराघरांत जाणाऱ्या अर्ध्या इंचाच्या नळ्या उघड्या नालीतून गेलेल्या असतात, कारण रस्ता खोदण्यापेक्षा नालीतून नळी टाकणे सोपे आणि स्वस्त. लोखंडी नळी काही वर्षांत गंजते, तिला भोके पडतात. पाणी चोवीस तास असते तर आतल्या दाबाने घाण बाहेरच राहिली असती. पण पाणी येते ठरावीक वेळी. पुरवठा थांबला की नळीतला दाब पडतो आणि नालीतले पाणी आत शोषले जाते. त्यातून कुणी टुल्लू पंप लावला असेल तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर तेच पाणी स्वयंपाकघरात पोचते.

याचा परिणाम वेळोवेळी दिसला आहे. 2018 च्या उन्हाळ्यात मोव्याच्या नहरपाऱ्यात काविळीने माणसे दगावली आणि प्रकरण बिलासपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. 2020 च्या एप्रिलमध्ये, सगळा देश दुसऱ्याच विषाणूच्या भीतीने घरात बसलेला असताना, तात्यापाऱ्याला लागून असलेल्या आमापाऱ्यासह शहराच्या अनेक भागांत पुन्हा कावीळ पसरली. घराबाहेर पडू नका, असा आदेश होता आणि रोग घरातल्या नळातून येत होता. दूषित पाण्यातून येणारी कावीळ प्रामुख्याने अ आणि ई या विषाणूंची. त्यातला ई हा गरोदर स्त्रियांचा वैरी आहे. शेवटच्या तिमाहीत त्याची लागण झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता अशा साथीत प्रशासन काय करते ते पहा. शिबिर लागते, रक्ताचे नमुने घेतले जातात, क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या जातात आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते, पाणी उकळून प्या. सल्ला योग्यच आहे. पण त्याचा हिशेब मांडा. पाणी उकळायला गॅस लागतो, वेळ लागतो, आणि तो वेळ बहुतेक घरांत बाईचा असतो. नळी नालीतून काढण्याचा खर्च टळला तो पालिकेचा. तोच खर्च सिलिंडरच्या रूपाने लाखो घरांत वाटला गेला. हा अघोषित कर आहे. कोणत्याही सभागृहात तो मंजूर झालेला नाही आणि तो गरिबाकडून अधिक दराने वसूल होतो.

ज्यांची ऐपत आहे ते आरओचे यंत्र बसवतात. इथे खरी मेख आहे. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली मांडलेला विचार असा की संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, आवाज उठवणे किंवा बाहेर पडणे. आणि ज्यांचा आवाज मोठा तेच आधी बाहेर पडले तर संस्था सुधारण्याची आशा उरत नाही. आपल्या शहरांत नेमके हेच झाले. ज्या वकिलाच्या, प्राध्यापकाच्या, अधिकाऱ्याच्या पत्राची दखल घेतली गेली असती, त्याच्या ओट्यावर यंत्र आहे. त्याला नळाच्या पाण्याचा रंगही ठाऊक नसतो. आम्हा अधिकाऱ्यांच्या बैठकीत तर टेबलावर बाटलीबंद पाणी असते. पाणीपुरवठ्याच्या आढाव्याची बैठक असली तरी बाटलीबंदच.

पाण्याला निदान यंत्र आहे. हवेला पळवाट कमी. रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. तिथल्या स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काजळी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर बसते, हे रायपुरातल्या कोणत्याही गृहिणीला विचारा. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेने शहरांची यादी प्रसिद्ध केली, तीत रायपूरच्या हवेतील सूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरला 134 मायक्रोग्रॅम दाखवले होते. आपले राष्ट्रीय मानक आहे 40. पुढे 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला आणि रायपूर, भिलाई, कोरबा ही शहरे त्यात आली. कार्यक्रम स्वागतार्हच. पण त्यात प्रगती मोजली जाते ती पीएम 10 या जाड्या धुळीवरून. फुफ्फुसांच्या तळाशी जाऊन रक्तात उतरणारे कण 2.5 मायक्रॉनचे आणि त्याहून लहान. जे मोजाल तेच सुधारेल, हा प्रशासनाचा जुना नियम. जाडी धूळ मोजली की रस्ते झाडण्याची यंत्रे आणि पाण्याचे फवारे विकत घेतले जातात, धुराड्याकडे पाहण्याची निकड राहत नाही. कारखान्यात धूळ पकडणारे विद्युत यंत्र असते, ते चालवायला वीज लागते आणि रात्री ते बंद ठेवले जाते, ही नागरिकांची जुनी तक्रार. यंत्र बंद ठेवून वाचलेले पैसे कारखानदाराचे; दम्याचा पंप मात्र ज्याचा त्याने घ्यायचा. तरीही याला वैयक्तिक आरोग्य म्हणायचे?

आणि आता चालणे. पन्नाशी उलटल्यावर रक्तातील साखर वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टरांनी मला रोज पाऊण तास चालायला सांगितले. तात्यापारा चौकातून शारदा चौक मार्गे जयस्तंभाकडे जाणे हा त्या वेळचा माझा सोयीचा मार्ग. अंतर किरकोळ. पण वाटेत दुकानांच्या पायऱ्या, उभ्या केलेल्या दुचाक्या, रोहित्राचे कुंपण, नालीवरची डगमगती फरशी. म्हणजे अर्धे चालणे वाहनांच्या मधून. हृदयासाठी चालावे आणि हाडे मोडून घ्यावीत असा प्रकार.

शारदा चौक ते तात्यापारा हा रस्ता रुंद करण्याचा विषय रायपुरात वर्षानुवर्षे गाजतो आहे. दोन्ही बाजूंना रुंद झालेला जी.ई. रोड इथे येऊन चिंचोळा होतो, कोंडी होते, हे खरेच आहे. माझा विरोध रुंदीकरणाला नाही, ते ज्या गणिताने केले जाते त्या गणिताला आहे. रस्त्याची गरज मोजताना वाहनांचे रूपांतर एका एककात करतात. मोटार म्हणजे एक, दुचाकी साधारण अर्धी ते पाऊण, सायकलरिक्षा एकाहून अधिक. पायी चालणारा? त्याचा आकडा या तक्त्यात नाहीच. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्वच्छ म्हटले आहे की वाहने नव्हे, माणसे पुढे सरकली पाहिजेत. पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी, हे भारतीय रस्ते काँग्रेसने 2012 मध्ये छापून ठेवले आहे. तरीही रस्ता रुंद होतो तेव्हा पदपथ उरलेल्या जागेत बसवला जातो आणि जागा बहुधा उरत नाही.

पादचाऱ्याची आठवण झाली तेव्हा काय सुचले, तर आकाशमार्ग! 2017 मध्ये रायपुरात स्कायवॉकचे काम सुरू झाले, 2018 च्या सत्तांतरानंतर ते थांबले आणि पुढे कितीतरी वर्षे तो लोखंडी सांगाडा शास्त्री चौकाच्या डोक्यावर तसाच उभा राहिला. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेने जिने चढावेत, म्हणजे खाली मोटारींना थांबावे लागणार नाही, ही यामागची कल्पना. उलट नव्या रायपुरात पदपथ रुंद, सायकलींना वेगळी वाट. फक्त चालणारे विरळ. जिथे माणसे आहेत तिथे पदपथ नाही, आणि जिथे पदपथ आहे तिथून आम्ही अधिकारी मोटारीने येतो-जातो.

कोणी म्हणेल की यात नवे काय. खरेच नाही. प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. आरोग्याच्या नावाने चाळी पडल्या, आणि उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. हेतू आरोग्याचा होता, मोजमाप रस्त्याचे झाले.

लोकांनाच शिस्त नाही, या आक्षेपात तथ्य आहे. पदपथावर पायरी काढणारा दुकानदार आणि टुल्लू लावणारा घरमालक आपलाच भाऊबंद असतो. पण त्या पायरीला दंड करण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही, पालिकेला आहे. पैसा नाही, हा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. 2016 मध्ये रायपूर स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेले. पंधराव्या वित्त आयोगाने दशलक्षी शहरांना पाणी, स्वच्छता आणि हवा यांसाठीच अनुदाने दिली. तेलीबांधा तलावाचा काठ लोक हौसेने मरीन ड्राइव्ह म्हणतात इतका सजला. त्या रोषणाईचे छायाचित्र निघते, जमिनीखालून नेलेल्या नळीचे निघत नाही. अडचण इथे आहे. आणि कायद्याचे म्हणाल तर 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, रस्ते आणि सार्वजनिक आरोग्य हे तिन्ही विषय नगरपालिकांच्या कामांत एकाच यादीत दिले आहेत. वेगळे केले ते आम्ही, टेबले मांडताना.

2018 पासून आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते मिळालेच पाहिजेत. पण काविळीच्या रुग्णाचे बिल ज्या खात्याने भरायचे आणि नालीतली नळी ज्या खात्याने काढायची, त्यांची कधी गाठच पडत नसेल तर पहिले खाते वर्षानुवर्षे बिले भरत राहील. माझी सूचना साधी आहे. नळवाहिनीच्या आणि रस्त्याच्या प्रत्येक प्रस्तावावर आरोग्य अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय सक्तीचा करा. प्रभागातल्या किती नळ्या अजून नालीत आहेत, ते प्रभाग कार्यालयाच्या दारावर लिहा. आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरी रोज क्लोरीन तपासून आकडा जाहीर करा. भारतीय मानकाप्रमाणे तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवे.

हे शेवटचे काम करायला सरकारचीही वाट पाहायला नको. बृहन्महाराष्ट्रातली आपली मंडळे दरवर्षी मधुमेह तपासणीची शिबिरे घेतात. त्यातल्या एका शिबिराच्या खर्चात क्लोरीन तपासण्याचे पुष्कळ संच येतात. नळीत पाणी घ्यायचे, गोळी टाकायची. पाणी गुलाबी झाले तर क्लोरीन पोचते आहे. नाही झाले तर तारीख, वेळ आणि घराचा पत्ता लिहून अर्ज आयुक्तांकडे द्यायचा, आणि पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही.