मोहल्ल्याचा इतिहास हा व्यापाऱ्याचा पुरावा

चंद्रपूरच्या परकोटाचे जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार दरवाजे आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहेत. गोंड राजांच्या या कोटाला केंद्र सरकारचे संरक्षण आहे. २०१० च्या कायदा-दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे व पुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. परकोटालगतच्या दुकानदारांना या नियमाचा जाच होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या दगडी भिंतीच्या पाठीशी कायदा आहे, हेही खरे. २०१७ साली इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी तिची साफसफाई हाती घेतली, तेव्हा तिची कीर्ती दूरवर गेली.

माजरीची गोष्ट वेगळी आहे. येथे ना बुरूज, ना राजाची समाधी. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७१ ते १९०६ पर्यंत चालली, त्या खाणीसाठी रेल्वे आली. पुढे मार्ग दक्षिणेकडे वाढला आणि १९२९ साली बल्लारशाह–काझीपेठ जोडले गेल्यावर तो मद्रासपर्यंतचा राजरस्ता झाला. त्याच मार्गावर माजरी जंक्शन असून येथून वणीकडे फाटा जातो. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खाणी सरकारी झाल्या. अशा खाणगावच्या इतिहासाच्या खुणा म्हणजे स्टेशन, कामगारांच्या चाळी, मशीद, कब्रस्तान आणि पगाराच्या दिवशी गजबजणारी बाजारओळ. शिंपी, लोहार, गादीवाले, वेल्डिंगवाले, किराणावाले यांनी ती ओळ वसवली. तिला संरक्षित स्मारकाचा फलक कोणी लावणार नाही.

आणि धोका तिलाच अधिक आहे. कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा, १९५७ नुसार जमीन घेण्याचा इरादा अधिसूचनेने जाहीर होतो. त्यानंतर लेखी हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. तीस दिवसांत वीस-तीस वर्षांचे कागद गोळा होत नाहीत, हे आपण जाणतोच.

आपल्या कारागीर बांधवांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी कोळसा कायद्यालाही २०१५ पासून लागू आहेत. त्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे केवळ जमीनमालक नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारे भाडेकरू व कारागीर, ज्यांची मुख्य रोजी त्यामुळे बुडते, तेही त्यात येतात. विस्थापित होणाऱ्या कारागीर, लहान व्यापारी व स्वयंरोजगारी कुटुंबाला किमान २५,००० रुपये एकरकमी साहाय्य देण्याची तरतूद आहे. नव्या वसाहतीत कब्रस्तानाची जागाही मागता येते. परंतु तीन वर्षे येथेच धंदा होता, हे दाखवायचे कशाने? शेजाऱ्याच्या तोंडी साक्षीपेक्षा वीजबिलाची जुनी पावती, गुमास्ता नोंदणीचा कागद, ग्रामपंचायतीची कराची पावती आणि भाडेचिठ्ठी अधिक बोलते.

मशिदी, दर्गे व कब्रस्तानांचेही तेच. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीनंतर केवळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराच्या जोरावर वक्फ म्हणून नवी नोंद मिळणे बंद झाले आहे. ज्या जमातीने आपली दप्तरे वेळीच नीट ठेवली, तिची बाजू बळकट. ज्यांनी 'सगळ्यांना माहीतच आहे' म्हणून सोडून दिले, त्यांना आता कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मोहल्ला कमिटीने एक जाड रजिस्टर घ्यावे. कोणते दुकान कोणत्या साली सुरू झाले, आधी तेथे काय होते, मालक कोण, भाडेकरू कोण, हे बुजुर्गांना विचारून तारखेसह लिहावे. दुकानाच्या पाटीचे छायाचित्र आणि जुन्या पावत्यांच्या नकला सोबत जोडाव्यात. एक प्रत मशिदीत आणि एक गावाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवावी. आपल्या शेजारच्या हिंदू, बौद्ध व आदिवासी दुकानदारांनाही या कामात सामील करून घ्यावे, कारण खाण कोणाचा धर्म विचारून पुढे सरकत नाही.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपण गिऱ्हाईकाची उधारी वहीत लिहितो, पण ज्या जागेने आपल्याला रोजी दिली तिची नोंद मात्र कुठेच नसते. अधिसूचना येण्याची वाट न पाहता हे काम येत्या जुम्याच्या नमाजनंतरच हाती घ्यावे, अशी आमची सर्व बांधवांना विनंती आहे.