विक्रांतचं पोलाद आणि आपल्या शाळेचा तास



परवा आठवीच्या वर्गात धातू शिकवत होतो. एका मुलानं विचारलं, "सर, बुडालेल्या जहाजाचं घड्याळ बनवता येतं का?" मोबाईलवर काहीतरी बघितलं असणार. प्रश्न चांगला होता, पण तेवढ्यात तास संपला. म्हणून उत्तर इथं सविस्तर लिहितो.

हो, बनवता येतं. २००७ साली रोमेन जेरोम या स्विस कंपनीनं टायटॅनिकच्या पोलादाचा अंश वापरून महागडी मनगटी घड्याळं काढली. जहाज जिथं बांधलं त्या गोदीचं नवं पोलाद त्यात मिसळलं होतं. सुमारे १५०० माणसं जिथं गेली तिथलं लोखंड मनगटावर मिरवायचं का, असा वादही झाला. इंग्लंडच्या ब्रेमाँट कंपनीनं नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाचं तांबं आणि ओकचं लाकूड घड्याळात बसवलं.

आपल्याकडचं उदाहरण घड्याळाचं नाही, मोटारसायकलीचं आहे. 'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका १९६१ मध्ये नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. पुढं मुंबईत तिचं संग्रहालय होतं, तेही २०१२ मध्ये बंद पडलं. शेवटी २०१४ मध्ये ती मोडायला काढली. त्या भंगारातलं काही पोलाद बजाजनं घेतलं आणि २०१६ मध्ये 'व्ही' नावाची गाडी आणली.

कोणी म्हणेल, जहाज सांभाळता आलं नाही आणि गाडी विकली. कोणी म्हणेल, निदान नाव तरी घराघरांत गेलं. मला दोन्ही पटतं. पण शिक्षक म्हणून मला तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

पोलाद वितळलं की ते कुठल्या जहाजाचं होतं, हे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही. मग ही विक्रांत आहे हे कळतं कशावरून? भंगार कोणी, कधी, कुठून घेतलं याच्या नोंदीवरून. नोंद हरवली, तर राहतं फक्त लोखंड.

आता आपल्याकडं या. आपल्या भागात कितीतरी शाळांत रेल्वे रुळाचा तुकडा नाहीतर पितळी थाळी टांगून तास द्यायचे. हेही जुन्या धातूचं घड्याळच की! ज्याच्यावर टोला पडतो तोही तास आणि जो शिकवतो तोही तास.

मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तिथं इलेक्ट्रिक बेल आली आणि जुना पितळी तास निर्लेखनात गेला. किलोवर विकला. डेडस्टॉक रजिस्टरला लाल रेघ मारली, त्यावर माझीही सही आहे. दोन वर्षांनी एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन आला आणि विचारू लागला, "सर, आपला तास कोठे शे?" मला उत्तर देता आलं नाही. साधा फोटोसुद्धा नव्हता.

सगळं जुनं साठवा, असं माझं म्हणणं नाही. जागा नसते, छत गळतं, हे मलाही माहीत आहे. पण विकण्याआधी एक तास मुलांना द्या. वस्तूचं वजन करू द्या, माप घेऊ द्या, फोटो काढू द्या. शिपाईमामांना विचारू द्या की टोला कसा द्यायचे. खात्री असेल तेच लिहायचं आणि ऐकीव असेल तिथं 'असं सांगतात' म्हणायचं, हेही त्यातून शिकवा. विज्ञान, गणित, इतिहास आणि मराठी, चारही विषय होतात. जमलं तर एक छोटा तुकडा चिठ्ठीसकट कपाटात ठेवा.

पालकांनो, आजीची तांब्याची घागर मोडीत देण्याआधी मुलाला आजीजवळ बसवा. घागर कोणत्या गावाहून आली, एवढं तरी लिहून घ्या.

साने गुरुजी आपल्या अमळनेरात छात्रालयातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढत. आपल्याला एका घंटेबद्दल चार ओळी लिहिणं जड जाऊ नये.

तुमच्या शाळेत जुना तास अजून टांगलेला असेल, तर उद्याच मुलांना त्याच्याखाली उभं करा. मी उशीर केला, तुम्ही करू नका.