सैल जॉइंटचे अपराधी

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आत राहणारी माणसे बाहेर पडू शकली नाहीत. आठ जीव गेले. त्यांत कारखानदाराच्या घरातली माणसे होती, कामगार होते आणि एक लहान मूलही होते. प्राथमिक अंदाज म्हणून त्याच दिवशी एक कारण सांगितले गेले : शॉर्टसर्किट. त्या कारखान्यात नेमके काय घडले हे ठरवणे तपास करणाऱ्यांचे काम आहे, त्यावर मी निकाल देणार नाही. माझा आरोप आपल्या सगळ्यांवर आहे. शॉर्टसर्किट हे कारण कानावर आले की आपण गप्प होतो. गुन्हेगार सापडला, तो विजेच्या तारेत होता, आता कोणाला काही विचारायचे कारण उरले नाही, अशा समाधानाने आपण पेपर घडी करून ठेवतो. हे समाधानच पुढच्या आगीची तयारी आहे.

वीज आपणहून कोणाचा जीव घेत नाही. तार कारखान्यातून तपासून बाजारात येते आणि सहसा मधेच बिघडत नाही. धोका असतो तो माणसाने ती जिथे कापली, सोलली आणि कशात तरी अडकवली तिथे : स्विचच्या स्क्रूखाली, थ्री पिनच्या आत, मोटारीच्या टर्मिनलवर, बोर्डामागच्या जॉइंटमध्ये. स्क्रू अर्धा फेरा सैल राहिला किंवा सोलताना ब्लेडखाली चार बारीक तारा तुटल्या, की तेवढ्या जागेचा रोध वाढतो. तो अर्धा ओहम झाला आणि त्यातून दहा अँपिअर प्रवाह वाहिला, तर त्या एका ठिपक्यावर पन्नास वॅट उष्णता तयार होते. पंचवीस वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न लाकडी बोर्डात खुपसून रात्रभर चालू ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. आणि एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. एमसीबीला जादा प्रवाह कळतो, तापलेला स्क्रू कळत नाही. साधे पीव्हीसीचे आवरण सत्तर अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. ते मऊ पडते, करपते, दोन तारा एकमेकींना भिडतात आणि तेव्हा कुठे शॉर्टसर्किट होते. अनेकदा ते गोष्टीचा शेवट असते. गोष्ट सुरू झालेली असते कित्येक महिने आधी, कोणीतरी घाईत सोडलेल्या एका स्क्रूपाशी.

सोलापुरात हा धोका दुप्पट आहे. आपल्या देशात हवेतून नेलेल्या केबलची क्षमता भोवतालचे तापमान चाळीस अंश धरून सांगितलेली असते. इथला मे महिना ती मर्यादा दरवर्षी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये छताला टेकून गेलेली केबल त्याहून जास्त तापते. वर सुताची धूळ. चादर आणि टॉवेलच्या कारखान्यात ती बोर्डावर, मोटारीवर, तुळयांवर थराने बसते आणि ठिणगी पडायची खोटी, भडकते. कित्येक ठिकाणी त्याच इमारतीत माल साठवलेला, त्याच इमारतीत माणसे झोपलेली आणि जाण्यायेण्याची वाट एकच. अशा जागी एक सैल जॉइंट ठेवणे म्हणजे झोपलेल्या माणसांच्या उशाशी निखारा ठेवणे होय. ते अजाणता केले असे म्हणायची सोय आता उरलेली नाही.

कारण काम नीट कसे करायचे हे गुपित नाही. पुरवठा बंद करायचा, मेनला कुलूप लावायचे, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची. तारेत वीज नाही हे टेस्ट लॅम्पने पाहायचे, आणि तो लॅम्प स्वतः धड आहे हे चालू पुरवठ्यावर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पडताळायचे. आवरण स्ट्रिपरने काढायचे, दाताने किंवा ब्लेडने नव्हे. सगळ्या तारा एकत्र थिंबलमध्ये, म्हणजे तारेच्या टोकावर बसणाऱ्या धातूच्या टोपीत, बसवायच्या, मापाच्या क्रिम्पिंग टूलने दाबायच्या, मग ओढून पाहायचे. अॅल्युमिनिअमची तार तांब्याला जोडायची तर त्यासाठीचीच वेगळी थिंबल वापरायची. केबल पेटीत शिरते तिथे ग्लँड बसवायचा, म्हणजे पत्र्याची कड आवरण कापणार नाही. पिन टॉपमध्ये पट्टीची पकड कॉर्डच्या बाहेरच्या आवरणावर हवी, आतल्या तारांवर नव्हे. हिरवी अर्थची तार इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे कॉर्ड ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी निसटेल. थ्री पिनमधली अर्थची पिन लांब असते तीही याच विचाराने : ती आधी जोडली जावी, शेवटी सुटावी. ज्याने ही रचना केली त्याने अनोळखी माणसाच्या जिवाची काळजी वाहिली. आपण ती पिन तोडून टाकतो, कारण घरातले सॉकेट दोन पिनांचे असते.

जोडणी झाली की चाचणी. आधी डोळ्यांनी पाहायचे. मग अर्थची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहे का ते मोजायचे. मग मेगर लावायचा : केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे पाचशे व्होल्टचा एकदिश दाब एक मिनिट द्यायचा आणि आवरणाचा रोध किमान एक मेगओहम आहे याची खात्री करायची. फेज आणि न्यूट्रल उलट झालेले नाहीत ना, हे पाहायचे. तीस मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी बसवून तिचे टेस्टचे बटण दाबून पाहायचे. एका शेडसाठी हा सगळा एखाद्या दिवसाचा खेळ. एका आगीत जेवढे नुकसान होते, त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

मग होते काय? वायरमन म्हणतो, "शेठ, मेन बंद करावा लागेल." उत्तर मिळते, "माग थांबवू नको, तसंच जोड." तो चालू तारेवर हात घालतो. थिंबल नाही, म्हणून तारा पिळून टेप गुंडाळतो. मेगर त्याने आयटीआय सोडल्यापासून पाहिलेला नसतो. काम संपल्यावर बल्ब पेटला, मोटार फिरली, एवढीच आपली चाचणी. मोटार तर अर्थ नसतानाही फिरते. ज्या दिवशी आतली वायंडिंग बॉडीला लागते आणि कामगाराचा घामेजलेला हात तिच्यावर पडतो, त्या दिवशी चाचणी होते, आणि ती त्याच्या देहावर होते. साधारण दहा मिलिअँपिअरनंतर स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या काही पट प्रवाह हृदयाची लय बिघडवायला पुरतो. एका साध्या बल्बमधून याहून जास्त प्रवाह जातो.

शेतात तर चाचणी हा शब्दही पोहोचलेला नाही. कित्येक ठिकाणी आठवड्यातले काही दिवस थ्री फेज वीज रात्री येते. बॅटरीच्या उजेडात शेतकरी उसाच्या ओल्या सरीतून स्टार्टरकडे जातो. स्टार्टरची पेटी लोखंडी, अर्थ नाही, केबलच्या जॉइंटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. त्यातच ऑटोस्विच : वीज आली की मोटार आपोआप सुरू होणार, मग विहिरीत कोणी उतरलेले असो वा नसो. रात्रीची वीज देणारी व्यवस्था अशा जागी होणाऱ्या मरणांत भागीदार आहे, यात शंका नाही. पण पेटीला अर्थ करायचे काम राहून गेले ते व्यवस्थेमुळे नव्हे, आपल्या हलगर्जीपणामुळे.

आणि आपले उत्सव? गड्ड्याची जत्रा असो, गणपती असो, नवरात्र असो, जयंती असो, उरूस असो, उजेडाच्या बाबतीत आपण कधी कमी पडत नाही. मंडपाचे लोखंडी खांब, त्यांना बांधलेल्या उघड्या तारा, रस्त्यावर लोळणारे एक्स्टेंशन बोर्ड, पिन टॉपऐवजी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी ठासलेली तारेची टोके. त्या खांबांना हात लावून लहान मुले उभी असतात. देवाला, महापुरुषाला दिलेल्या वर्गणीतून फुलांना पैसे निघतात, आवाजाच्या भिंतींना निघतात, फक्त अर्थच्या एका तारेला निघत नाहीत. मुलांच्या जिवाशी खेळणे ही भक्ती नव्हे आणि हे अभिवादनही नव्हे.

खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. मागाला हार, मोटारीला हळदकुंकू, बोर्डापुढे नारळ. श्रमाच्या साधनाला नमस्कार करण्याची ही रीत मला मनापासून आवडते. पण ज्या मोटारीला आपण हात जोडतो तिला अर्थ जोडत नाही, ज्या बोर्डावर कुंकू लावतो त्याच्या मागचा जॉइंट वर्षानुवर्षे उघडून पाहत नाही. समाजसुधारक आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' हे पत्र काढले ते आचाराला विचाराची जोड हवी म्हणून. आज विद्युतयुगातही आपण नारळावर थांबलो आहोत.

याचे मूळ केवळ कंजूषपणात नाही. हाताने काम करणारा खालचा, ही आपली शेकडो वर्षांची समजूत अजून मेलेली नाही. घर बांधताना फरशीचा रंग ठरवायला घरातली सगळी माणसे चार दुकाने फिरतात. वायरिंग मात्र सर्वांत कमी दर सांगणाऱ्याच्या स्वाधीन होते आणि अर्थिंग म्हणजे मातीत घातलेला पैसा ठरतो. तारतंत्री आणि वीजतंत्री हे आयटीआयचे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तिथून शिकून आलेल्या मुलाला आपण त्याचे ज्ञान वापरू देत नाही आणि न शिकलेल्या मुलाला शिडीवर चढवतो. तो खाली पडला, भाजला, मेला, तर "त्याची वेळ आली होती" असे म्हणतो. वेळ आली नव्हती, वेळ आपण आणली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. देशाच्या वीज नियोजनासाठीचे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ साली, उभे राहिले. वीज आणि कामगार यांचा विचार तेव्हा एकाच टेबलावर होत होता. आपण वीज घेतली, कामगार सोडून दिला.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली केले पाहिजे, हा नियम आहे. राज्यात त्यासाठी अनुज्ञापक मंडळ आहे, विद्युत निरीक्षक आहेत. पण काम एकाचे आणि चाचणी अहवालावर सही दुसऱ्याची, ही पद्धत आपण सगळे जाणतो. न केलेल्या चाचणीच्या कागदावर सही करणारा माणूस खोटी साक्ष देतो. ती साक्ष विकत घेणारा त्याच्याहून मोठा दोषी, आणि ती न तपासता फाइलला लावणारा तिसरा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. आगीत मेलेल्यांचा हिशेब यात धरलेला नाही.

ज्या सोलापूरने १९३० साली मार्शल लॉ सोसला आणि पुढच्या जानेवारीत आपले चार हुतात्मे फासावर गेलेले पाहिले, ते शहर भित्रे नाही. त्या शहरातल्या कामगाराने "मेन बंद केल्याशिवाय हात लावणार नाही" एवढे वाक्य उच्चारावे, आणि सगळ्या पाळीने त्याच्या पाठीशी उभे राहावे, ही अपेक्षा जास्त नाही. कारखानदारांनो, वर्षातून एक दिवस माग थांबवा, प्रत्येक टर्मिनल आवळून घ्या, मेगरचे आकडे लिहून भिंतीवर लावा, आणि माणसे झोपतात तिथे माल ठेवू नका, दुसरी वाट मोकळी ठेवा. मंडळांनो, मंडपाला वीज जोडण्याआधी अर्थ तपासल्याचा कागद मागा, नसेल तर त्या रात्री दिवे लावू नका. घरच्या कर्त्या माणसांनो, वायरमनला कमी पैशात उरकायला सांगू नका, त्याला वेळ द्या, चाचणी समोर करून दाखवायला सांगा, आणि तिचे पैसे वेगळे द्या. वायरमन बंधूंनो, जी जोडणी तुमच्या मुलाच्या हाताखाली ठेवायला तुम्ही तयार नसाल, ती दुसऱ्याच्या मुलासाठी करू नका.

आज संध्याकाळी घरातला एखादा एक्स्टेंशन बोर्ड हातात घ्या. पिन तापलेली आहे का, कॉर्ड पिन टॉपमधून निसटलेली आहे का, अर्थची पिन शाबूत आहे का, पाहा. दोष दिसला तर तो बोर्ड उद्यापर्यंतही वापरू नका. हे माहीत झाल्यानंतर तिथे कोणाचा जीव गेला, तर तो शॉर्टसर्किटने गेला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.