डेअरीला ३.५ फॅट, आणि पोराला चहा

पोस्ट जरा लांब आहे. पण घरात एक ते तीन वर्षांचं लेकरू असेल तर वाचाच.

आमचा तालुका दुधाचा. पहाटे सहाला संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागते. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ. पॉइंट घसरला की दर कापतात, त्यावरून वाद होतात, आंदोलनं होतात, रस्त्यावर दूध ओततात. या सगळ्याच्या बातम्या मी वीसेक वर्षं करतोय. पण ज्या घरातून हे दूध निघतं, त्या घरातलं दीड वर्षाचं पोरगं सकाळी काय पितं, ही बातमी कुठे छापून येत नाही.

ते चहा पितं. बशीत ओतून, फुंकर मारून दिलेला. त्यात बुडवलेलं पाच रुपयांच्या पुड्यातलं बिस्कीट.

यात कुणी दुष्ट नाही. दुधाच्या पगारावर पेंडीची उधारी, किराणा, सोसायटीचा हप्ता असं सगळं चालतं. म्हणून घरात चहापुरतं दूध ठेवायचं आणि बाकीचं केंद्रावर. त्यात आजी कौतुकानं सांगते, "आमच्या बाळाला चहाशिवाय चालतच नाही." चालणार कसं? साखरेनं पोट भरल्यासारखं होतं, पोरगं गप्प बसतं, मग जेवायच्या वेळेला भूक नसते. आणि जे चार घास पोटात जातात, त्यातलं लोह अंगी लागायला चहातलं टॅनिन आडवं येतं.

आता सरकारी आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे वाढलाय. सगळा दोष चहाचा नाही, जंत आहेत, ताटात भाजी-डाळ-अंडं नाही, आईच्याच अंगात रक्त नाही. पण चहा रोज सकाळी त्यात भर घालतो, आणि तो बंद करायला एक रुपयाही लागत नाही.

दुसरीकडे गावातली नोकरदार घरं. तिथे चहा नाही, डबा आहे. उंची वाढते, मेंदू तल्लख होतो असं सांगणारी पावडर. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या पावडर दुधाची आणि बाळआहाराची जाहिरातच करता येत नाही. म्हणून जाहिराती होतात दोन वर्षांवरच्या डब्यांच्या आणि माल्टच्या पावडरींच्या. नाव ओळखीचं झालं की आई दुकानात जाऊन तेच मागते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, कारण अन्न कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये खऱ्या सूत्राप्रमाणे नसलेल्या गोड पेयांच्या नावातून 'ओआरएस' हा शब्द काढायला लावला. तोवर जुलाब लागलेल्या किती लेकरांना असली पाकिटं पाजली गेली असतील, विचार करा. वर्षाच्या पुढच्या धडधाकट बाळाला पावडरीची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून स्पष्ट सांगते आहे.

मग पाजायचं काय? बालरोगतज्ज्ञांचं उत्तर इतकं साधं आहे की त्याची जाहिरात कुणी करणार नाही.

आईचं दूध दोन वर्षांपर्यंत, आणि हवं तर पुढेही. "वर्ष झालं, आता तोडा" हे म्हणणं सोडा. तहानेला उकळून गार केलेलं पाणी. आणि गाईचं किंवा म्हशीचं साधं दूध, चांगलं उकळलेलं, पिशवीचं असो की रतिबाचं. 'जड पडतं' म्हणून त्यात निम्मं पाणी घालू नका, साय काढू नका, साखर तर नकोच. पण दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. लिटरभर बाटली तोंडात देऊन 'पोरगं जेवत नाही' म्हणणारी घरंही खूप आहेत. दुधात लोह नसल्यासारखंच असतं, आणि दुधानंच पोट भरलं की भाकरी-वरणाला जागा उरत नाही. बाटलीही नको. रात्री ती तोंडात ठेवून झोपलं की दात किडतात. आपल्या आज्यांकडे बोंडलं होतं, वाटी-चमचा होता. वर्षाचं पोरगं फुलपात्रानं पितं, सांडतं, शिकतं. दहा रुपयांचं आंब्याचं पेय देण्यापेक्षा आंब्याची फोड द्या.

आता पैशाचं बोलू. केंद्रावर लिटरला ३० ते ३५ रुपये दर धरला, तर ४०० मिली दूध घरात ठेवणं म्हणजे रोजचे बारा-चौदा रुपये, महिन्याचे चारशेच्या आसपास. आई अंगावर पाजत असेल तर त्याच्या निम्म्यातही भागतं. पण दोन गाईंवर घर चालवणाऱ्याला दोनशे रुपयेही जड जातात. आणि ज्याच्या दारात गायच नाही, त्या ऊसतोड्याच्या पोराचं काय? म्हणून 'आईबापांना अक्कल नाही' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

शेजारचं कर्नाटक २०१३ पासून शाळा-अंगणवाडीतल्या मुलांना १५० मिली दूध देतंय. तिथल्या सहकारी संघांचं दूध त्यात खपतं, म्हणजे शेतकऱ्याचाही फायदा. आपल्याकडे दर पडला की लिटरमागे अनुदान मागतात, सरकार देतं, विषय संपतो. दूध जास्त झालंय म्हणून रस्त्यावर ओतायचं आणि त्याच गावातल्या लेकरांच्या अंगात रक्त नाही, हे दोन वेगळे प्रश्न कसे? गावच्या केंद्रावरूनच तीन वर्षांखालच्या पोरांसाठी सरकारनं दूध घ्यावं, सोबत अंडं द्यावं. दुधाच्या आंदोलनात ही मागणी का नसते?

आणखी एक. बाळाच्या पंधराव्या महिन्यापर्यंत आशाताईंच्या घरी येऊन पाच भेटी ठरलेल्या आहेत. पाचही भेटींचे मिळून तिला २५० रुपये. एवढ्या पैशात तिनं वजन बघायचं, लस विचारायची, लोहाचं सिरप द्यायचं आणि आजीला चहावरून समजवायचंही. तिचं मानधन वाढवा, मग तिच्याकडून अपेक्षा करा.

सरकार करेल तेव्हा करेल. ज्यांच्या दारात गाय आहे त्यांनी उद्या सकाळी किटलीचं झाकण लावण्याआधी एक फुलपात्र दूध बाजूला काढून ठेवा. पोराचा पगार समजा तो.