मीटरची पेटी आणि जमीन

चेन्नईतील टी. नगर हा भाग १९२० नंतरच्या दशकात एका जुन्या विस्तीर्ण तलावाच्या जागेवर वसविण्यात आला. अशा भूमीत ओलावा टिकतो. तेव्हा तीत एक नळी गाडून भोवती कोळसा व मीठ भरले की मीटरच्या पेटीचे अर्थिंग झाले, असा समज होणे साहजिक आहे. परंतु तो घातक आहे.

समजा, तळमजल्यावरील मीटरच्या लोखंडी पेटीस आतील जिवंत तार चिकटली. जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहास नळीपाशी ५ ओहम व ट्रान्सफॉर्मरपाशी १ ओहम रोध आहे असे धरले, तर २३० व्होल्टांच्या दाबाने सुमारे ३८ अँपिअर प्रवाह वाहील. ६० अँपिअरचा फ्यूज एवढ्याने वितळत नाही. पेटीवर मात्र सुमारे १९० व्होल्टांचा दाब कोणाच्या ध्यानीमनी नसता तासन् तास टिकून राहतो. एक हात पेटीवर व दुसरा पाण्याच्या लोखंडी नळावर ठेवणाऱ्या मनुष्याची यात धडगत नाही. (पूर्वी याच नळास अर्थिंगची तार गुंडाळण्याची चाल होती, नळ पीव्हीसीचे झाले, तार तेवढी लोंबकळत राहिली.)

म्हणून खड्ड्यापेक्षा जोडणीस अधिक महत्त्व दिले पाहिजे. पेट्या, नळ, पंप, लिफ्टचा सांगाडा हे सर्व तांब्याच्या पुरेशा जाड तारेने परस्परांस जोडावेत, म्हणजे त्यांच्यात दाबाचा फरक फारसा उरत नाही. ही तार वीज पुरविणाऱ्या संस्थेच्या अर्थ-टर्मिनलास जोडलेली असून तेथून ट्रान्सफॉर्मरपर्यंत धातूची अखंड वाट असेल, तर एकूण रोध अर्ध्या ओहमवर येऊ शकतो. मग प्रवाह ४६० अँपिअर होऊन फ्यूज तत्काळ उडतो. हे टर्मिनल ग्राहकाच्या जागेत पुरविण्याचे दायित्व १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३३ व्या नियमाने पुरवठादारावर टाकले होते. २०१० च्या नियमावलीतही ते कायम राहिले. तथापि तेथपर्यंत तार नेण्याची तसदी किती इमारतींत घेतली जाते, हे जिन्याखाली डोकावून पाहिल्यावाचून कळावयाचे नाही.

२०१५ च्या डिसेंबरात व २०२१ च्या नोव्हेंबरात टी. नगरमध्ये पाणी तुंबले होते. अशा वेळी पुरवठा बंद ठेवतात. खरा धोका तो पुन्हा सुरू होताना, पेट्या आतून ओल्या असताना संभवतो. ३० मिलिअँपिअर गळतीस तुटणारे स्विच त्या वेळी उपकारक ठरते, पण ते मीटरच्या पुढे बसविलेले असल्याने खुद्द मीटरच्या पेटीचे रक्षण करीत नाही. तिला आधार जोडतारेचाच. आणि गंजलेला एखादा नट तोही काढून घेऊ शकतो.