पाथरीचा सूर्यदास आणि उलट वाटेचा नियम

१/ परभणी जिल्ह्यातील पाथरी म्हटले की साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. परंतु जुन्या ग्रंथांतील पार्थपूर म्हणजे हीच पाथरी, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकात तेथील एका ज्योतिषी घराण्याने जे लिहिले, त्यात मला प्रोग्रॅमिंगचे तत्त्वज्ञान गवसते. #धागा

२/ ज्ञानराजांनी १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८ मध्ये ‘सूर्यप्रकाश’ आणि ‘लीलावती’वर १५४१ मध्ये ‘गणितामृतकूपिका’ या टीका लिहिल्या.

३/ ‘लीलावती’त विलोमविधी येतो : उत्तर ठाऊक असेल, तर क्रिया उलटवत मूळ संख्येकडे जायचे. समजा, एका संख्येला ३ ने गुणले, ४ मिळवले, वर्गमूळ काढले आणि ५ आले. आता मागे चला : ५ चा वर्ग २५, वजा ४ म्हणजे २१, भागिले ३ म्हणजे ७.

४/ याच सूर्यदासांचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सुलट वाचले की रामकथा, उलट वाचले की कृष्णकथा! ‘नदी’ उलटवली की ‘दीन’ होते. येथे तर संपूर्ण श्लोक अक्षरागणिक उलटतात आणि तरीही अर्थ देतात.

५/ म्हणून माझा पहिला नियम : उत्तरापासून प्रश्नापर्यंत परत चालता आले, तरच प्रोग्रॅम समजला. चूक शोधणे म्हणजे तरी काय? चुकीच्या निकालापासून एकेक पायरी मागे जाणे.

६/ दुसरा नियम : चातुर्याला टीकेची जोड हवी. या काव्यावर सूर्यदासांनी स्वतःच टीका लिहिली, कारण इतकी गुंफण वाचकाला एकट्याने उलगडणे कठीण. आपण मात्र चतुर कोड लिहितो आणि त्याचा अर्थ पुढच्या माणसाच्या नशिबावर सोडतो.

७/ ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, असे नासाने म्हटले’ हा संदेश सर्वांकडे फिरत येतो. त्याचे मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या लेखात आहे. संस्कृत वैयाकरणांची अर्थविश्लेषणाची रीत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतील ज्ञानमांडणी यांतील साम्य त्यांनी दाखवले होते. तो लेखकाचा अभ्यास होता, संस्थेचा निर्वाळा नव्हे. पूर्वजांना संगणक ठाऊक होता असे सांगितल्याने त्यांची थोरवी वाढत नाही. त्यांची शिस्त मात्र आजही उपयोगी पडते.

८/ आज यंत्र क्षणार्धात कोड लिहून देते आणि तो चालतोही. अशा वेळी वापरणाऱ्याकडे उलट वाट नसेल, तर पहिल्या बिघाडालाच तो असहाय होतो. वेतनाची वजावट चुकली किंवा शिष्यवृत्तीची यादी बिघडली, तर भोगतो तो ज्याने एक ओळही लिहिलेली नसते.

९/ मराठवाड्यातून पुण्या-हैदराबादकडे नोकरीसाठी निघालेल्या मित्रांनो, सूर्यदासांचा अभिमान जरूर बाळगा. पण कोड पुढे पाठवण्यापूर्वी एकदा तो शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा.