छेद लपवणाऱ्या जाहिराती

स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांना दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने केलेले दंड योग्यच आहेत. पण तेवढ्याने भागणार नाही.

२०२२ च्या नागरी सेवा परीक्षेत पूर्वपरीक्षेला ५,७३,७३५ उमेदवार बसले, मुलाखतीपर्यंत २,५२९ पोहोचले, निवडले गेले ९३३. म्हणजे पहिल्या पायरीवर यशाची शक्यता साधारण सहाशेंत एक, तर मुलाखतीच्या दारात आठांत तीन. कित्येक यशवंतांनी शिकवणीकडून घेतले होते ते केवळ मुलाखतीचे मार्गदर्शन, तेही अनेकदा मोफत. फलकावर मात्र त्यांची छायाचित्रे महागड्या पूर्ण अभ्यासक्रमाशेजारी झळकली. दाराशी पोहोचलेल्यांची शक्यता पायरीवर उभ्या असलेल्यांना विकण्याचा हा धंदा आहे.

याची किंमत मोजतात ती कर्ज काढून मुलाला शिकवणीसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत ठेवणारी घरे.

यशाचा आकडा छापायचा, तर त्याच वर्षी त्याच अभ्यासक्रमाला किती जणांनी पैसे भरले, तो आकडाही तितक्याच ठळक अक्षरांत छापणे प्राधिकरणाने सक्तीचे करावे. यशाच्या आकड्याखालचा हा छेद न दाखवणारी जाहिरात छापूच देऊ नये. वृत्तपत्रांनीही ती नाकारावी.